गुरांची पारख कोणाच्या मापाने?

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा सोन्याच्या किंवा समुद्राच्या निमित्ताने. १९९७ साली तेथील एका सुपारीच्या वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला, २०१२ साली तो चोरीस गेला, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या केल्या. या तिन्ही वेळी गाव बातमीत आले. ज्या गुरांच्या शेणावर येथील वाड्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, त्या गुरांवर मात्र क्वचितच कोणी चार ओळी लिहिल्या असतील. ही गुरे कोणत्याही चालू मापात बसत नाहीत, हे त्याचे कारण होय. दुधाच्या मापात ती उणी पडतात, बाजारात हलकी ठरतात, आणि शासनाच्या दप्तरात तर अगदी काल-परवापर्यंत त्यांना नावसुद्धा नव्हते. गुरांची पारख हा पशुवैद्यकाचा किंवा दलालाचा विषय आहे, त्यात राजकारण कसले, असे समजून पुरोगामी चळवळीनेही या प्रश्नाकडे पाठ फिरवली. ही पाठ फिरवणे कष्टकऱ्याला महाग पडले आहे.

मापाचा प्रश्न हा राजकीय प्रश्न असतो, हे या जिल्ह्याला निराळे शिकवावे लागू नये. रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात, १९३३ साली, चरीचा संप सुरू झाला तो कुळाने पिकवलेल्या भातातला वाटा कोणी आणि किती ठरवायचा याच मुद्द्यावर. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. भाताचे माप निदान कागदावर तरी सरळ झाले. जनावराचे माप मात्र अजून घेणाऱ्याच्या डोळ्यातच आहे.

याचा अर्थ शेतकऱ्याला पारख नव्हती असा नव्हे. त्याची पारख पिढ्यांच्या अनुभवातून आलेली होती आणि ती बारकाईची होती. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, मग दुदाती, चारदाती, सहादाती आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात आले की जुळलेला, असे वय तो तोंड उघडून सांगे. खांदा, छाती, पाठ आणि पुठ्ठे पाहून झाले की जनावर चालवून बघे. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाजवळ पडतो की फाकतो, जांभ्याच्या कातळावर चढताना खूर टिकतो की झिजतो, याकडे त्याचे लक्ष असे. गाईच्या कासेची ठेवण आणि सडांमधले अंतर तो पाही. वळू ठेवायचा तर आधी त्याची आई पाहावी, हा नियम त्याला कोणत्याही महाविद्यालयाने शिकवलेला नव्हता. या ज्ञानात भोवऱ्यांच्या शकुनांची भर होतीच. अमक्या जागी भोवरा असला की मालकावर संकट येते, अशा समजुतीपायी धडधाकट बैलाची किंमत पडत असे. गंमत अशी की हा भोवरा दलालाला घेताना हटकून दिसतो आणि विकताना दिसेनासा होतो.

पारख शेतकऱ्याची आणि किंमत दलालाची, ही खरी अडचण आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ म्हसा येथे पौषात यात्रेबरोबर जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांत उपरण्याखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. जनावराचा धनी दोन पावलांवर उभा असतो आणि त्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल कापडाखाली ठरत असते. ज्याला गरज आहे तो विकायला येतो आणि गरज लपत नाही. पेरणीच्या तोंडावर, दुखण्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी काढलेले जनावर पुन्हा घरी नेण्याची ऐपत धन्याजवळ नाही, हे दलाल त्याच्या चेहऱ्यावर वाचतो. शेतमालाचे सौदे उघड्यावर यावेत म्हणून राज्याने १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत गुरे व शेळ्या-मेंढ्याही घातल्या. भाताचा काटा गावोगाव आला. जिवंत जनावराचा काटा बहुतेक आठवडे बाजारांत अद्याप आलेला नाही.

दलालाची नजर एक, शासनाची दुसरी. १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्याने, ज्या भागाला तो लागू केला जाई तेथे, निकृष्ट ठरलेल्या वळूचे खच्चीकरण करवण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला दिला. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही; रोगट, खुरटे वळू मोकाट फिरून पैदास बिघडवत, हे खरेच होते. परंतु निकृष्ट म्हणजे कोणत्या कामाला निकृष्ट, हा प्रश्न विचारायची सोय त्या कायद्यात नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९५३ साली जोशी आणि फिलिप्स यांचा भारत-पाकिस्तानातील गोवंशावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खिल्लार, देवणी, गवळाऊ आणि डांगी या महाराष्ट्रातील जातींना त्यात स्थान मिळाले. कोकणच्या गाईला मिळाले नाही. ती गावठीच राहिली. तिला ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची नोंदणी केली. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले होते, हे लक्षात घेतले तर विलंब केवढा, ते कळेल. लहान चणीची, तांबूस, काळी, पांढरी किंवा मिश्र रंगाची, उष्ण आणि दमट हवेत तग धरणारी, डोंगरउतारावरच्या हलक्या गवतावर भागवणारी गाय, असे तिचे वर्णन आता सरकारी कागदावर आहे.

नाव मिळाले, गुण मिळाले नाहीत. पशुविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून दुभत्या गाईच्या परीक्षणाची जी शंभर गुणांची पत्रिका शिकवली जाते, तिचे मूळ रूप अमेरिकेतील दुधाळ जातींच्या संघटनांनी १९४३ साली ठरवले. एकूण रूपाला ३०, दुधाळपणाच्या लक्षणांना २०, शरीराच्या सामावण्याच्या शक्तीला २० आणि कासेला ३० असे ते गुण. पाय आणि खूर यांना वेगळे स्थान नाही, ते रूपाच्या तीस गुणांतच आटोपायचे. होल्स्टीन गाय सपाट गोठ्यात उभी राहून तयार चारा खाते, तिच्यासाठी ही पत्रिका योग्यच आहे. दिवेआगरची गाय पावसाळ्यात डोंगर चढते, उन्हाळ्यात वाळल्या काड्या चघळते, गोचीड अंगावर बाळगून दर दीड-दोन वर्षांनी वासरू देते. यातल्या एकाही गोष्टीला त्या पत्रिकेत धड गुण नाहीत. पशुप्रदर्शनात तिला बक्षीस मिळत नाही ते परीक्षकाच्या पक्षपातामुळे नव्हे. परीक्षक प्रामाणिकच असतो. त्याच्या हातातला कागद दुसऱ्याच गाईसाठी छापलेला असतो.

येथे भाबडेपणाही टाळला पाहिजे. कोकणची गाय दिवसाला दोन-अडीच लिटरांच्या घरात दूध देते आणि तेवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. गावठी गाईच्या गौरवाची भाषणे करणारे स्वतः बहुधा पिशवीतले दूध घेतात. संकरित पैदाशीचा कार्यक्रम हा कोणा परक्याचा कटही नव्हता. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळीकांचनला बाएफची स्थापना केली आणि तेथून गावोगाव गेलेल्या कृत्रिम रेतनाने पठारावरच्या हजारो घरांत रोज हाती येणारा पैसा पोहोचवला, ही गोष्ट समाजवाद्यांनी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील विदेशी व संकरित गुरे ५ कोटींवर गेली, २०१२ च्या तुलनेत सुमारे २७ टक्क्यांची वाढ. देशी व गावठी गुरे ६ टक्क्यांनी घटून १४ कोटी २१ लाखांवर आली. हे आकडे सांगतात की शेतकरी हिशेब करतो. पण हा हिशेब जेथे ओला चारा आहे, दुधाचे संकलन आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, तेथला आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घामट हवा आणि उन्हाळ्यात चाऱ्याचा खडखडाट असलेल्या किनारपट्टीवर तोच हिशेब घेऊन जाणाऱ्याने आधी गोठ्यात जाऊन पाहावे.

मग दिवेआगरच्या माणसाने ही गुरे ठेवली कशासाठी? एके काळी विहिरीवरचा रहाट फिरवण्यासाठी. अरुंद फेऱ्यात दिवसभर गोल चालायला लहान चणीचे, सोशीक जनावरच लागे; अंगापिंडाने थोराड बैल तेथे निरुपयोगी. पंप आले आणि ते काम संपले. भातखाचरातला नांगर अजून काही ठिकाणी बैल ओढतो, पुष्कळ ठिकाणी यंत्र. तिसरे काम मात्र संपलेले नाही, ते शेणाचे. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर शेण हवे आणि पोफळीच्या बुंध्याशी घालायलाही तेच हवे. मध्यम अंगाचे जनावर दिवसाला सात-आठ किलो ओले शेण टाकते असे धरले तर वर्षाला अडीच टनांहून अधिक होते. त्यातले निम्मे रानात पडले आणि उरलेले कुजताना पुन्हा निम्म्यावर आले, तरी साडेसहाशे किलो खत हाती राहते. पोफळीच्या एका झाडाला वर्षाला बारा किलो हिरवा पाला आणि बारा किलो शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे, अशी केंद्रीय संशोधन संस्थेची शिफारस आहे. म्हणजे एक गाय पन्नासएक झाडांची बेगमी करते, आणि त्यासाठी तिने दुधाचा थेंबही देण्याची गरज नाही.

या हिशेबाला निसर्ग चक्रीवादळानंतर निराळाच अर्थ आला. पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेले रोप फळाला येण्यास सहा-सात वर्षे घेते आणि त्या काळात त्याला खत लागते. शासनाने झाडागणिक मदत ठरवली ती नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. इतक्या वर्षांचे उत्पन्न गेले त्याची किंमत पन्नास रुपये! या पैशांत विकतच्या खताची गोष्ट करणे व्यर्थ आहे. ज्याच्या गोठ्यात दोन गुरे उरली होती त्याची वाडी पुन्हा उभी राहण्याची शक्यता जास्त, हे कोणत्याही पंचनाम्यात लिहिलेले नाही.

शेणाचे मोल न्यायालयाला मात्र कळले आहे. १९५८ साली हनीफ कुरेशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, निरुपयोगी झालेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणे वाजवी नाही, असा निर्णय दिला होता. त्याच धर्तीवर महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात बैल तपासून दाखला देण्याची तरतूद होती. ओढकामाला किंवा पैदाशीला जनावर उपयोगी राहिले आहे का, हे सक्षम अधिकाऱ्याने ठरवायचे. तीही एक पारखच होती, आणि तिच्यातही लाच खाणारे होतेच. पुढे २००५ साली गुजरातच्या मिर्झापूर प्रकरणात न्यायालयाने जुना निर्णय बदलला. बैल म्हातारा झाला तरी शेण देतो आणि शेणाचे मोल कोहिनूर हिऱ्याहूनही अधिक आहे, अशा आशयाचे उद्गार त्या निकालपत्रात आहेत. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही संपूर्ण बंदी आली. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद. बंदी घालणाऱ्यांनी कोहिनूर मान्य केला, पण तो ज्याच्या गोठ्यात बांधला आहे त्याला चाऱ्याचे पैसे देण्याचे कलम कायद्यात घातले नाही.

परिणाम काय झाला, तो कोकणात फिरणाऱ्याला दिसतो. म्हाताऱ्या बैलाला पूर्वी जी किंमत येई ती नव्या वासराच्या खरेदीची पहिली रक्कम असे. गिऱ्हाईक नाहीसे झाल्यावर ती साखळी तुटली. रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने धड जनावराची वाहतूकही जोखमीची झाली, आणि २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली तेव्हा धर्माने हिंदू असलेल्या शेतकऱ्याला कळून चुकले की बाजारात त्याचा जोडीदार कोण होता. न विकता येणारे आणि न पोसता येणारे जनावर सोडून दिले जाते. कोकणात भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची चाल जुनीच; तीत आता बारमाही मोकाट गुरांची भर पडली आणि वाल-पावट्याचे दुबार पीक घेऊ पाहणाऱ्या लहान शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. गुराखी मिळत नाही, गुरचरणांवर अतिक्रमणे झाली आहेत, पर्यटकांसाठी वाड्यांत खोल्या उठल्या आहेत. या सगळ्याचा दोष त्या मुक्या जनावराच्या माथी येतो.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. त्याच सुमारास गोशाळांतील देशी गाईसाठी दररोज ५० रुपये अनुदान मंजूर झाले. अनुदान गोशाळेला, शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या त्याच जातीच्या गाईला नाही. म्हणजे ज्याने गाय सोडली तिच्यासाठी पैसे आहेत, ज्याने सोडली नाही त्याच्यासाठी नाहीत. २०२२ साली लम्पी रोगाने गुरे मेली तेव्हा शासनाने दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले. ही मदत देताना जात विचारली नव्हती. मेल्यावर मात्र शासनाला सगळ्या गाई सारख्या.

गाईवर बोलताना शेळी विसरून चालणार नाही, कारण भूमिहीनाचा आणि कातकऱ्याचा खरा पैसा शेळीत असतो. तिचा सौदा तर निव्वळ नजरेचा. बोकड उचलून, पाठीवर हात फिरवून खाटीक आकडा सांगतो आणि विकणाऱ्याजवळ त्याला उत्तर नसते. बकरी ईदला हाच बोकड मुंबईत देवनारच्या बाजारात रंगावर, शिंगांवर, कपाळावरच्या खुणेवर कितीतरी चढ्या भावाने जातो. तो नफा वाटेतच विरतो. यावर एक साधा उपाय शिंप्याच्या फितीत आहे. पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याला त्याच संख्येने गुणावे, आलेल्या संख्येला खांद्यापासून बसणीच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ३०० ने भागावे. उत्तर पौंडांत येते. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर ६८ पौंड, म्हणजे जवळजवळ ३१ किलो. त्यातले निम्म्याहून थोडे कमी मटण धरले तर १४ किलोच्या आसपास. मटणाचा चालू भाव शहराशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. हे गणित काट्याइतके अचूक नाही, पण खाटकाच्या आकड्याला पहिला प्रतिप्रश्न करण्यापुरते पुरेसे आहे. वाडी-वस्तीवर जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते शिकून घ्यावे. व्याख्यानाच्या आधी एक बोकड मोजून दाखवला तर व्याख्यान ऐकायला माणसे थांबतील.

फितीने दलालाचा हात थोडा आवरता येईल. शासनाच्या मापाशी मात्र संघटितपणेच भिडावे लागेल. बाजार समितीच्या प्रत्येक जनावर बाजारात काटा बसवणे आणि भाव उघड पुकारणे, ही मागणी काही क्रांतिकारक नाही. ती १९६३ च्या कायद्याच्या हेतूतच आहे. जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनांत कोकणच्या गुरांसाठी वेगळी गुणपत्रिका असावी आणि तिच्यात पाय-खूर, वेतांतील अंतर, रोगाला तोंड देण्याची ताकद व कमी चाऱ्यावर टिकण्याची शक्ती यांना कासेच्या बरोबरीने गुण असावेत. ती ठरवताना परीक्षकांच्या शेजारी गुरे राखणाऱ्यांनाही बसवावे. त्यांत बायका असाव्यात, कारण गोठ्याचे निम्म्याहून अधिक काम त्या करतात आणि प्रदर्शनात दोरी धरून मिरवायला पुरुष येतात. चांगल्या वळूची निवड गावातून व्हावी आणि तो पोसण्याचा खर्च पंचायत समितीने उचलावा. गोशाळेला मिळणारे पन्नास रुपये नोंदणीकृत जातीची गाय किंवा म्हातारा बैल पोसणाऱ्या अल्पभूधारकालाही मिळाले पाहिजेत. कायद्याने त्याच्यावर पोसण्याची सक्ती केली आहे, तेव्हा ही भीक ठरत नाही.

एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात जातवार नोंद घेण्याचे ठरले होते. प्रगणकाने दिवेआगर, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन या पट्ट्यात गोठ्यांपुढे उभे राहून रकान्यात ‘कोकण कपिला’ लिहिले की सवयीने ‘गावठी’, यावर पुढचे वळू, पुढची रेतने आणि पुढचा पैसा अवलंबून आहे. तालुका समित्यांनी आपल्या गावांतील जातवार आकडे पशुसंवर्धन विभागाकडे मागावेत, आणि ते हाती येताच गोठ्यांशी ताडून पाहावेत.